मोरीतली ऊब



वैशाखाच्या तोंडावर आम्ही कढत पाण्यावर बोलणार हे ऐकून मागची मंडळी हसली. हसा, सावली हे या गावाचे नुसते नावच, उन्ह काही कमी नाही. पण पौषातली पहाट आठवा.

आमचे शिक्षण चार पुस्तकांचे, तेव्हा हिशेब साधाच मांडतो. 20 लिटर पाणी 25 अंशांवरून 40 अंशांवर न्यायला 300 किलोकॅलरी लागतात. वाळले सरपण किलोला सुमारे 4000 देते. परंतु तीन दगडांच्या चुलीवर त्यातला दहावा हिस्सा भांड्याला पोचला तरी पुष्कळ. म्हणजे बादलीला पाऊण किलो लाकूड. पाच माणसांच्या घरात आठवड्याला सव्वीस किलो. एक मोळी झाली.

ही मोळी येते कोणाच्या डोक्यावरून? मे 2025 मध्ये शेजारच्या सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बाया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. सरपणाची वाटही असल्याच रानातली. सिलिंडर आला, तरी आंघोळीचे पाणी पुष्कळ घरी अजून चुलीवरच तापते.

अंगावरून उतरलेले पाणी मोरीत जाते तेव्हा पुरते निवलेले नसते. थंड देशांत सांडपाण्याच्या उभ्या तांब्याच्या नळाभोवती ताज्या पाण्याची नळी गुंडाळतात. उतरणारे पाणी नळाला आतून पातळ थराने चिकटते, त्याची ऊब तांब्यातून बाहेरच्या पाण्याला मिळते. दोन्ही पाणी एकमेकांना शिवत नाहीत.

मात्र हे साधते ते ऊन पाणी जात असताना त्याच वेळी गार येत असेल तर. फवाऱ्याखाली न्हाणाऱ्यांचे काम. आपण घंगाळ आधी भरतो, मग तांब्याने अंगावर घेतो. कोणी हा नळ घरोघर विकायला आला तर घेऊ नका. घरी आधी चूल सुधारा, भांड्यावर झाकण ठेवा.

वसतिगृहाची गोष्ट निराळी. तिथे पन्नास पोरे एकामागून एक न्हातात. मोरीचे पाणी झाकल्या हौदात घ्यावे, हौदात तांब्याचे वेटोळे बुडवावे, बंबाकडे जाणारे गार पाणी त्यातून न्यावे. पाच-सहा अंश जरी चढले, तरी तिसऱ्या हिश्श्याचे सरपण वाचते.

एक अडचण राहते. वेटोळ्यावर साबणाचा मळ बसला की ऊब अडते. ते वरचेवर घासावे लागणार. घासणार कोण, आणि त्याची मजुरी किती, हे हौद खणण्याआधी कागदावर लिहून घ्या.