शब्द तारखेचा

पनवेलहून रोह्याकडे जाणारी गाडी आपटा सोडते आणि मग आमचं जिते स्टेशन येतं. पुढे हमरापूर, मग पेण. हा सगळा पट्टा गणपतीच्या मूर्तींचा. इथल्या कारखान्यांत वर्षभर काम चालतं, कारण परदेशी जाणाऱ्या मूर्ती चतुर्थीच्या कितीतरी महिने आधी बोटीवर चढवाव्या लागतात. या धंद्यातली एक गोष्ट इथल्या लहान पोरालाही ठाऊक असते. मूर्ती कितीही सुबक असो, चतुर्थी उलटली की तिला गिऱ्हाईक नाही.

माझं काम मातीचं नाही, कॉम्प्युटरचं आहे. लग्नपत्रिका, अहवाल, स्मरणिका जुळवायच्या आणि छापखान्यात धाडायच्या. पण आज ज्याविषयी बोलणार आहे, ते दोन्ही धंद्यांना सारखंच लागू पडतं : उशीर, आणि उशिरापायी जाणारा गिऱ्हाइकाचा विश्वास.

घरचा कॉम्प्युटर पाच वर्षं जुना असला तरी फारसं अडत नाही. धंद्याच्या कॉम्प्युटरचं तसं नसतं. चित्रपटाचं संकलन करणारे, गाणी ध्वनिमुद्रित करणारे, जाहिराती करणारे दिवसाचे बारा-बारा तास त्यावर बसतात. तिथं वाचलेला तास म्हणजे रोकडा पैसा. अशा लोकांसाठी ॲपल कंपनीनं २००६ साली ‘मॅक प्रो’ आणला. उभी, दणकट पेटी. झाकण उघडायचं आणि आत हवं ते कार्ड, हवी ती डिस्क बसवायची.

२०१३ मध्ये कंपनीनं त्याचं रूपच पालटलं. पेटीच्या जागी काळं, चकचकीत नळकांडं आलं. मधोमध धातूचा त्रिकोणी गाभा, त्याच्या तिन्ही अंगांना चिकटलेले भाग आणि सगळ्यांना गार ठेवायला वर एकच पंखा. दिसायला देखणं. पण दोन मध्यम ताकदीची चित्रकार्डं बसतील, असाच त्याचा बेत होता. पुढे बाजार वळला तो एकाच, पण खूप तापणाऱ्या मोठ्या कार्डाकडे. तेवढी उष्णता त्या नळकांड्याला सोसेना. वरची पेटी बदलल्याशिवाय आतलं बदलता येईना.

मग तीन वर्षांहून अधिक काळ काहीच झालं नाही. तेच यंत्र, तीच किंमत : २,९९९ डॉलरपासून पुढे. नवं येणार की हा प्रकारच बंद होणार, कोणी सांगेना. अखेर एप्रिल २०१७ मध्ये एक नवल घडलं. गुप्ततेसाठी प्रसिद्ध असलेल्या या कंपनीनं मोजक्या पत्रकारांना बोलावून कबूल केलं, की रचनेनं आम्हालाच कोंडीत पकडलं. खोळंबलेल्या लोकांची आम्ही माफी मागतो. नवा मॅक प्रो घडतो आहे, पण यंदा येणार नाही. तो आला डिसेंबर २०१९ मध्ये. पुन्हा उघडता येणारी पेटी; किंमत मात्र ५,९९९ डॉलरपासून. खाली चाकं हवी असतील तर त्यांचे ४०० डॉलर निराळे! आणि सहाच महिन्यांनी, जून २०२० मध्ये कंपनीनं जाहीर केलं, की आता आमच्या सगळ्या यंत्रांत आमचीच चिप येणार.

मधल्या काळात कित्येक जण विंडोजच्या यंत्रांकडे वळले. असं गिऱ्हाईक सहसा परतत नाही, हे ध्यानात घ्या. यंत्रासोबत सॉफ्टवेअर बदलतं, फाइली बदलतात, हाताची सवय बदलते. एवढा खटाटोप माणूस पुन्हा उलट्या दिशेनं कशाला करील?

आमच्या छपाईच्या धंद्यानं हे त्याआधीच पाहिलं होतं. पानं जुळवण्यात ‘क्वार्क एक्सप्रेस’चं राज्य होतं. ॲपलची नवी कार्यप्रणाली २००१ साली आली. तिच्यासाठीचं क्वार्क यायला २००३ उजाडलं. तेवढ्यात, २००२ मध्येच, ‘इनडिझाइन’ तिथं हजर झालं. पुढे क्वार्कचं राज्य गेलं ते गेलंच.

आता याची दुसरी बाजू. ‘पेजमेकर’ची शेवटची, सातवी आवृत्ती २००१ ची. २००४ मध्ये अडोबीनं सांगून टाकलं, की यापुढे यात सुधारणा होणार नाही. तरीही मराठी डीटीपीवाले पुढे कितीतरी वर्षं त्यावर काम करत राहिले. जुने फाँट, जुन्या फाइली सगळ्या तिथंच होत्या. विंडोज एक्सपीची देखभाल ८ एप्रिल २०१४ ला थांबली, विंडोज १० ची १४ ऑक्टोबर २०२५ ला. कुरकुर झाली, पण तारखा खूप आधी माहीत होत्या. ज्याला तयारी करायची होती, त्याला वेळ मिळाला.

म्हणून मला वाटतं, गिऱ्हाईक जुनेपणाला कंटाळून जात नाही. त्याला जुनं चालतं, महाग चालतं, प्रसंगी उशीरही चालतो. चालत नाही ते मौन. त्याचंही पोट त्या यंत्रावर असतं आणि त्यानंही पुढे कोणाला तरी तारीख दिलेली असते.

कोकणात घरचा पाट मूर्तिकाराकडे आधी नेऊन देण्याची रीत आहे. त्याला पावती नसते. पाट ठेवला म्हणजे विश्वास ठेवला. उशीर होणार असेल तर मूर्तिकारानं ते श्रावणातच सांगावं, म्हणजे घरच्यांना दुसरी सोय पाहता येते. चतुर्थीच्या आदल्या रात्री सांगून उपयोग नाही.

तेव्हा दुकान लहान असो की मोठं, काम वेळेत होणार नसेल तर गिऱ्हाइकानं विचारायच्या आधी आपण सांगावं. आणि धंद्यासाठी यंत्र घेणाऱ्यांनी वेगाबरोबर आणखी दोन गोष्टी विचाराव्यात : यातलं काय मला पुढे बदलता येईल, आणि याची देखभाल कोणत्या तारखेपर्यंत होणार? उत्तर गुळमुळीत आलं, तर पैसे देण्याआधी थोडं थांबावं.