आमच्या टाळ्यांची अट



अध्यक्षाने आभार मानावेत, नाट्यपरंपरेचे गोडवे गावेत आणि खाली बसावे असा रिवाज आहे. आभार मनापासून मानतो. गोडवे गाणार नाही. आज मला आपल्याशी भांडायचे आहे.

मघाशी आपण बालगंधर्वांच्या तसबिरीला हार घातला. बालगंधर्व म्हणजेच नारायण श्रीपाद राजहंस. या पुरुषाने रंगभूमीवर भामिनी, रुक्मिणी, सिंधू अशा उभ्या केल्या की घरंदाज बायका त्यांच्यासारखे लुगडे नेसू लागल्या. १९१७ साली फाळक्यांच्या ‘लंकादहन’ चित्रपटात अण्णा साळुंके राम झाले आणि सीताही तेच झाले. प्रेक्षकांनी दोघांनाही डोक्यावर घेतले. आणि तसबिरीला हार घालणाऱ्या आपल्याच घरातला मुलगा जरा मुरडत चालला, की गल्लीतली पोरे ‘बायल्या’ म्हणून त्याच्या मागे लागतात आणि बाप त्याच्यावरच हात उगारतो.

आमच्या टाळ्यांना पहिल्यापासून एक अट आहे. रंग पुसल्यावर पुरुष व्हायचे, ही ती अट.

मध्यंतरी एका महाविद्यालयाची तालीम पाहत होतो. एक मुलगा फार सुरेख काम करीत होता. बोलताना त्याचे मनगट वळायचे, बोटे वाक्याच्या पुढे धावायची. दिग्दर्शकाने तालीम थांबवली आणि त्याला हात खिशात घालायला सांगितले. हात खिशात गेले आणि वाक्य मेले. त्याच नाटकात हशा हवा म्हणून एका दांडगट पोराला साडी नेसवली होती. त्याच्या मिशा तशाच ठेवल्या होत्या. साडीतला पुरुष चालतो, पण तो खोटा हवा. खरा दिसला की त्याचे हात खिशात कोंबायचे!

‘नटरंग’ चित्रपट पाहून आपण रडलो. का रडलो? त्यातला गुणा पैलवान होता म्हणून. पिळदार अंगाच्या गड्याला कलेपायी तमाशातला नाच्या व्हावे लागले, याचे आपल्याला दुःख झाले. ज्याचे अंग मुळातच तसे नाही, ज्याला ती चाल शिकावी लागली नाही, त्याच्यासाठी आपल्या डोळ्यांत पाणी आले असते का? गणपत पाटलांनी पडद्यावर नाच्या अजरामर केला. लोक अजून कौतुकाने सांगतात, ‘प्रत्यक्षात मात्र ते अगदी संसारी होते हो!’ या ‘मात्र’ला माझा विरोध आहे. ते संसारी नसते, तर त्यांची कला कमी ठरली असती काय?

ही अट मोडणारे नाटक मराठीत झाले आहे. १९७९ साली सतीश आळेकरांनी ‘बेगम बर्वे’ लिहिले. बर्वे हा संगीत नाटकांत किरकोळ स्त्रीभूमिका करून आता उदबत्त्या विकणारा माणूस. नाटक कंपन्या बुडाल्या, पण त्याच्या मनातली नायिका उतरली नाही. जावडेकर नावाच्या कारकुनाशी त्याचे लग्न लागते, दिवस जातात, आणि श्यामराव नावाचा माणूस येऊन ते सगळे ओरबाडून काढतो. बर्वे ‘खरा कोण’ हे आळेकर सांगत नाहीत. बर्वे साकारणाऱ्या चंद्रकांत काळ्यांनी तो कुठेही चिडवणीचा विषय होऊ दिला नाही. पंचेचाळीस वर्षांहून अधिक काळ लोटला. त्या तोडीचे दुसरे नाव पटकन सांगा पाहू.

पुरुषातले बायकीपण ही परदेशी थेरं आहेत, असे म्हणणाऱ्यांनी मुंबईजवळच्या घारापुरीला जावे. तिथल्या अर्धनारीश्वराचे एक अंग पुरुषाचे आहे, दुसरे स्त्रीचे. ज्ञानेश्वरांनी विरहिणी होऊन गायिले आणि त्यांनाच आपण माउली म्हणतो. आणि कायदा म्हणाल, तर ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी संबंधांवरचा गुन्ह्याचा शिक्का पुसला. प्रत्येक बायकी पुरुष समलिंगी असतो असे नाही, पण मार दोघांनाही सारखाच पडतो. न्यायालय पुढे गेले. आमच्या विनोदी कार्यक्रमांतले पुरुष अजून पदर सावरूनच हशा मागतात.

इथे बसलेल्या तरुण लेखकांनो, पुढच्या नाट्यस्पर्धेसाठी अशा मुरडत चालणाऱ्या मुलाला नायक करून लिहा. शेवटी त्याला मारू नका आणि ‘सुधारू’ही नका. दिग्दर्शकांनो, त्या भूमिकेसाठी दांडगट पोराकडे जाऊ नका. जो मुलगा तसाच आहे, त्याला बोलवा.