उतारावरचा आवाज

वेळापूर हें गांव आपल्यापैकीं पुष्कळांनीं पाहिलें असेल तें ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीच्या मुक्कामाच्या निमित्तानें. कांहींनीं अर्धनारीनटेश्वराच्या दर्शनाला आले असतां. पालखीच्या दिवसांतला गलबला आम्हांला हवासा असतो. आज ज्या आवाजाविषयीं मी बोलणार आहें, तो मात्र वर्षभर येतो, आणि तोही मध्यरात्रीनंतर. गतिरोधक जवळ आला कीं भरलेला ट्रक वेग आवरतो, आणि फटाक्यांची माळ लागावी तसा धडधडाट घराच्या भिंतींवर आदळतो. माझी वडील बहीण गेल्या हिंवाळ्यांत हृदयविकारांतून उठली. झोप हें तिचें औषध होतें. आक्का दचकून उठून बसे, आणि मग पहांटेपर्यंत आम्ही दोघेंही जागीं.

मुलांना गप्प बसवण्यांत माझा जन्म गेला. एके सकाळीं तडक चहाच्या टपरीवर गेलों आणि तेथें थांबलेल्या एका ड्रायव्हरला जाब विचारला. तो बिचारा उठून उभा राहिला. म्हणाला, "गुरुजी, बसा. इंजिन-ब्रेक आहे तो. दिवे घाटांत तोच आमचा देव."

आमच्या रस्त्यानें पुण्याला जाणारी गाडी फलटण, जेजुरी, सासवड करीत दिवे घाट उतरते. वारकरी चढून येतात तोच घाट. ओझ्याची गाडी केवळ पायाच्या ब्रेकवर उतरवूं गेल्यास ड्रम तापतात, लायनर जळूं लागतात आणि ऐन वळणावर ब्रेक लागेनासा होतो. म्हणून जाणता ड्रायव्हर खालचा गिअर टाकून इंजिनाकडूनच गाडी आवरून घेतो. पुष्कळ ट्रकांत त्यासाठीं धुराच्या नळींत एक झडप असते. ती मिटली कीं इंजिनाला श्वास सोडणें जड जातें आणि गाडी मंदावते. दुसऱ्या एका प्रकारांत इंजिनांत दाबलेली हवा एकदम सोडून देतात. त्याचा आवाज अधिक. ही दुसरी युक्ति क्लेसी कमिन्स या अमेरिकन गृहस्थाची. १९३१ सालीं कॅलिफोर्नियांतील कॅहोन खिंड उतरतांना त्याची डिझेल गाडी आवरेना, आणि आगगाडीशीं टक्कर थोडक्यांत चुकली. ती धास्ती त्याच्या मनांतून गेली नाहीं. १९६१ सालीं त्याचा ब्रेक बाजारांत आला. पुढें त्याच अमेरिकेंत अनेक गांवांच्या शिवेवर या ब्रेकला मनाई करणारे फलक लागले!

तसाच फलक आपल्या वेशीवर लावावा असा अर्ज मीं लिहून ठेवला होता. "पण येथें घाट कोठें आहे?" असें मीं विचारलें, तेव्हां ड्रायव्हर ओशाळून हंसला. "सवय, गुरुजी." मग खालीं वाकून त्यानें सायलेन्सर दाखवला. तो गंजून फाटला होता, तारेनें बांधला होता. धड असता तर आवाज पुष्कळच दबला असता, हें त्यानेंच कबूल केलें.

घरीं येऊन मीं पहिला अर्ज फाडला. पोलिसाच्या भीतीनें ज्याचा हात या ब्रेकवरून उठला, त्याचा हात घाटांत वेळेवर तेथें जाईल याची हमी कोण देणार? दोष ब्रेकचा नव्हे, फाटक्या नळीचा. आणि त्याला नवा कायदा नको. आवाज शक्य तितका दाबणारा सायलेन्सर प्रत्येक गाडीला हवा, असें १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १२० वा नियम सांगतो. सायलेन्सर टाळून धूर सोडण्याची सोय वापरणाऱ्यास, २०१९ सालीं कायद्यांत घातलेल्या १९४-एफ कलमान्वयें, पहिल्या वेळीं १,००० आणि पुढें २,००० रुपये दंड ठरवण्यांत आला. वस्तींत रात्रीं दहा ते सकाळीं सहापर्यंत ४५ डेसिबल ही मर्यादा तर २००० सालच्या नियमांनींच घातली. पण डेसिबल मोजायला यंत्र लागतें. फाटका सायलेन्सर वाकून पाहिला कीं दिसतो.

नव्या अर्जांत मीं दोनच गोष्टी मागितल्या आहेत: नाक्यावर सायलेन्सरांची तपासणी व्हावी, आणि गतिरोधकाची सूचना पुष्कळ अलीकडे लावावी, म्हणजे ड्रायव्हर आधींच पाय उचलील. अर्ज गेल्या आठवड्यांत दिला. आक्काचा पलंग तूर्त मागच्या खोलींत हलवला आहे.