उलट्या गाडीची गोष्ट
(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला 'माझी व्यावसायिक वाटचाल' हा विषय दिला होता. माझं गॅरेज म्हणजे पत्र्याची शेड आणि हाताखाली दोन पोरं, त्यात वाटचाल ती काय? पण सकाळी नाश्त्याला तिघांनी एकच विचारलं, "तुझ्या त्या उलट्या गाडीचं काय झालं?" त्यातल्या दोघांच्या मुलांना घरची जुनी मारुती तशीच करून हवी आहे. म्हणून सगळ्यांसमोर एकदाच सांगून टाकतो.

मारुती ८०० ची पुढची चाकं गाडी ओढतात. इंजिन बॉनेटखाली आडवं, गिअरबॉक्स त्याला चिकटलेला, आणि तिथून दोन छोटे ॲक्सल थेट पुढच्या चाकांना. मागची चाकं नुसती मागून येतात. आडव्या इंजिनाची ही मांडणी १९५९ च्या ब्रिटिश मिनी गाडीमुळे जगभर पसरली. गाडी जेमतेम दहा फुटांची, पण आत चार माणसं बसायची. आपण मात्र फियाट आणि अँबॅसिडर बघत वाढलो. त्यांचं इंजिन पुढं, जोर मागच्या चाकांना आणि मधे लांब प्रोपेलर शाफ्ट.

२००६ साली माझ्या डोक्यात आलं, वडिलांची ८०० तशी करायची. याला जबाबदार पहिल्या रांगेत बसलेले आपले सर. आठवीत त्यांनी विचारलं होतं, "गाडा ओढणं सोपं की ढकलणं?" मी 'ढकलणं' म्हणालो आणि तासभर बाकावर उभा राहिलो. पुढं गाड्या दुरुस्त करताना चांदबीबी महालाच्या चढावर बघायचो, वजन मागं सरकतं, पुढची चाकं हलकी पडतात आणि ओल्या रस्त्यावर घसरतात. म्हणजे जोर मागंच हवा! सर, मला तुमच्याशी वीस वर्षांपूर्वीचा वाद जिंकायचा होता.

सामान सापडलं भंगारात निघालेल्या मारुती व्हॅनमध्ये, म्हणजे ओम्नीत. तिचं इंजिन ८०० सारखंच, तीन सिलिंडरचं, ७९६ सीसी. पण ते पुढच्या सीटखाली उभं बसवलेलं आणि जोर मागच्या चाकांना. गिअरबॉक्स, शाफ्ट, मागचं हाऊसिंग, पाटे, सगळं एकाच घरातलं मिळालं. वाटलं, महिन्यात काम होईल. आठ महिने लागले.

तीन सिलिंडरचं इंजिन आखूड, त्यामुळं ते उभं मावलं. पण रेडिएटर सरकवावा लागला, इंजिनाचं चेंबर स्टिअरिंगच्या रॅकवर बसायला लागलं आणि गिअरबॉक्स थेट ड्रायव्हरच्या पायाशी आला. म्हणून मधला पत्रा कापला. ८०० ला वेगळी चासी नाही, पत्रा हीच चासी. तिथं कापलं की गाडीचं हाड कापलं. मग खालून चौकोनी पाइप वेल्ड करत बसलो. पुढचे ॲक्सल काढून फेकले तर पुढची चाकं डगमगायला लागली, कारण हबचं बेअरिंग आवळून धरतो तो त्याच ॲक्सलचा बाहेरचा जॉइंट. तेवढा तुकडा ठेवून बाकीचा कापला.

गाडी चालू झाली आणि चाळीसच्या वेगाला अशी थरथरली की आरसा गळून पडला. शाफ्टच्या दोन्ही टोकांचे क्रॉस एका रेषेत नव्हते, मी एक दाता चुकवून बसवला होता. तो बदलला, दोन्हीकडचे कोन सारखे केले, तेव्हा थरथर थांबली. आपल्या रणगाडा संग्रहालयात शर्मन रणगाडा आहे ना, त्यात याच्या बरोब्बर उलट. इंजिन मागं, गिअरबॉक्स पुढं, शाफ्ट सैनिकांच्या पायाखालून जातो. त्यामुळंच तो इतका उंच झाला. शाफ्ट कुठूनही न्या, तो जागा खातोच.

पहिल्या पावसानंतर गाडी आमच्या काळ्या रानात घातली आणि मागची चाकं जागच्या जागी फिरायला लागली. इंजिनाचं सगळं वजन पुढं, जोर मागं आणि मागं काहीच नाही! पूर्वीची ८०० तिथून रडतखडत का होईना निघायची. शेवटी मागं कांद्याच्या चार गोण्या टाकल्या तेव्हा हलली. सरांना मुद्दाम बोलावलं होतं. ते बांधावरूनच म्हणाले, "ओढणं-ढकलणं सोड, वजन कुठंय ते आधी बघ." बाकावर उभं न करता सांगितलं, एवढाच फरक.

आता कायद्याचं. मोटार वाहन कायदा, १९८८, कलम ५२: कंपनीनं दिलेल्या मूळ रचनेत आणि नोंदणीच्या पुस्तकात फरक पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानंही तेच सांगितलं. मला हे कळलं पत्रा कापून झाल्यावर. अपघात झाला तर विम्याचा वाद वेगळाच. गाडी पुन्हा रस्त्यावर नेली नाही.

वडील एस.टी.त ड्रायव्हर होते. निवृत्तीच्या पैशातून घेतलेली ती आमच्या घरातली पहिली गाडी. आठ महिने रोज शेडमध्ये येऊन स्टुलावर बसायचे, एका शब्दानं बोलले नाहीत. रान वाळल्यावर त्यांना शेजारी बसवून विहिरीला दोन चकरा मारल्या. म्हणाले, "एस.टी.सारखी मागनं ढकलते रे." मी खूश. उतरताना दार धरून थांबले आणि म्हणाले, "आता मार्केट यार्डात कशानं जायचं?" मी नवी गाडी घेईपर्यंत पुढची तीन वर्षं ते रिक्षानं गेले.

तेव्हा दोस्तांनो, तुमच्या घरच्या चालत्या गाडीला मी करवत लावणार नाही. माझी ८०० अजून शेडमध्ये उभी आहे. पोरांना रविवारी पाठवा, तिचंच हाऊसिंग उतरवू, शाफ्ट मोजू, पुन्हा चढवू. येताना जुने कपडे घालून यायला सांगा.