माईकसेटचा ॲम्प्लिफायर : वापर आणि निगा



पंप, ट्रॅक्टर आणि फवारणी यंत्राची निगा कशी राखावी, हे आपण वेळोवेळी ऐकतो. देवळातल्या माईकसेटविषयी मात्र कोणी बोलत नाही. वाकड 1997 साली पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत आले, शिवारात इमारती उभ्या राहिल्या, तरी म्हातोबाचे देऊळ आहे आणि चैत्र पौर्णिमेला हिंजवडीहून वाकडला येणारे बगाडही आहे. यात्रा असो, हरिनाम सप्ताह असो की इतर गावांतली ग्रामसभा असो, माईकसेट लागतोच. वर्गणीतून घेतलेले हे मशीन ऐन कार्यक्रमात जळते आणि आपण मशीनला दोष देतो. बहुतेक वेळा खोट त्याच्या मागे असते किंवा पुढे. मागे म्हणजे येणारी वीज आणि पुढे म्हणजे जोडलेले कर्णे.

आधी कर्ण्यांचे पाहू, कारण सर्वांत जास्त नुकसान तिथेच होते. कर्ण्याच्या युनिटवर 8 किंवा 16 ओहम असे लिहिलेले असते. 16 ओहमचे चार कर्णे समांतर जोडले की मशीनवर 4 ओहमचा भार येतो. मशीनच्या मागे 4 ओहमची जोडणी असेल, तर हे ठीक आहे. पण मांडव मोठा म्हणून त्याच तारेला आणखी चार कर्णे अडकवले, तर भार 2 ओहम होतो. मग मशीनमधून जवळजवळ दुप्पट प्रवाह ओढला जातो आणि आतले ट्रान्झिस्टर तापून जातात. भार कमी ओहमचा झाला म्हणजे मशीनवरचा ताण वाढला, हे नीट लक्षात ठेवावे. बैलगाडीच्या ओझ्याच्या हिशेबाने गेलात, तर फसाल.

कर्णे लांब असतील, तर 100 व्होल्ट लाईनची जोडणी वापरावी. समजा, जाऊन-येऊन तारेचा रोध 2 ओहम आहे. 4 ओहमच्या जोडणीत मशीनची एक तृतीयांश शक्ती तारेतच उष्णता होऊन जाते. 100 वॅटच्या मशीनला 100 व्होल्ट लाईनवर तीच तार लावली, तर दोन टक्केच वाया जाते. मात्र या पद्धतीत प्रत्येक कर्ण्याला लाईन ट्रान्सफॉर्मर हवा. त्यावर निवडलेल्या वॅटची बेरीज करून ती मशीनच्या वॅटपेक्षा थोडी कमीच ठेवावी. 15 वॅटचे सहा कर्णे म्हणजे 90 वॅट. 100 वॅटच्या मशीनला एवढे पुरे. 100 व्होल्टच्या जोडणीला ट्रान्सफॉर्मरशिवाय साधा कर्णा कधीही लावू नये, आणि तारा जोडताना मशीन बंदच असावे.

आता विजेचे. गावात कृषिपंप चालू-बंद होतात, तसा व्होल्टेज हलतो. खरा घातक प्रकार म्हणजे न्यूट्रल तुटणे. न्यूट्रल सुटली की 230 व्होल्टच्या जोडणीवर 400 च्या जवळपास व्होल्टेज येऊ शकतो. बल्ब एकाएकी फार उजळले, तर मशीनकडे धावू नका, आधी मुख्य स्विच बंद करा. व्होल्टेज वाढताच वीज तोडणारा स्टॅबिलायझर नव्या मशीनपेक्षा स्वस्त पडतो. वीज गेली तर मशीनचा स्विच बंद करावा आणि वीज परत आल्यावर दोन-तीन मिनिटे थांबून लावावा. जनरेटर असेल, तर तो आधी स्थिर चालू द्यावा. बंद करताना पहिले मशीन, मग जनरेटर.

फ्यूज उडाला की तिथे तांब्याची तार किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळणारे महाभाग गावोगावी आहेत. फ्यूज दोन रुपयांचा, पण तो आतला हजारोंचा माल वाचवतो. तेवढ्याच अँपियरचा फ्यूज घालावा. दुसऱ्यांदा उडाला, तर मेकॅनिक बोलवावा.

माईकला हात लावताच झिणझिण्या येत असतील, तर माईकभोवती रुमाल गुंडाळून कीर्तन पुढे रेटू नये. सेट बंद करून प्लग काढावा. बहुधा अर्थिंग नसते किंवा प्लगचा तिसरा पाय कोणीतरी तोडलेला असतो. ओल्या जमिनीवर अनवाणी उभ्या असलेल्या माणसाच्या जिवाशी गाठ आहे.

मिरवणुकीत मशीन बॅटरीवर चालते. 100 वॅटचे मशीन मोठ्या आवाजात दहा-पंधरा अँपियर ओढते, म्हणून तार जाड हवी. धन-ऋण टोके उलटी लागली, तर मशीन त्याच क्षणी जाते. ट्रॅक्टरची बॅटरी 12 व्होल्टची असते, पण अनेक ट्रकमध्ये दोन बॅटऱ्या मिळून 24 व्होल्ट असतात, हे आधी तपासावे. गुलाल-भंडाऱ्यापासून जपायचे म्हणून मशीन कापडात गुंडाळतात, मग ते गुदमरते. वर फळी किंवा पत्रा आडवा धरावा. मागची आणि बाजूची भोके मोकळी राहिली पाहिजेत. सप्ताहात सात दिवस मशीन तापत असते, त्यावर पेटी-मृदंगाचे कापड टाकू नये.

आवाज फाटू लागला की बटण मागे घ्यावे, कारण फाटका आवाज कर्ण्याचे युनिट जाळतो. वॅट दुप्पट केले, तरी आवाज 3 डेसिबलच वाढतो, कानाला जेमतेम कळेल इतका. त्यापेक्षा कर्ण्याचे तोंड श्रोत्यांकडे वळवावे. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांनुसार रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. शासनाने जाहीर केलेल्या मोजक्या दिवशी मध्यरात्रीपर्यंत सूट असते, तीही परवानगीने.

ढग गडगडू लागले की प्लग काढावा आणि कर्ण्याच्या ताराही सोडाव्यात. पावसाळ्यात मशीन जमिनीवर न ठेवता फळीवर ठेवावे. पाली आणि उंदीर आत शिरतात, म्हणून जाळी शाबूत असावी. महिन्यातून एकदा अर्धा तास चालवले, तर ओल निघून जाते. यात्रेच्या आठवडाभर आधी सगळे कर्णे जोडून तासभर चालवून पाहावे, म्हणजे काही निघाले, तर दुरुस्तीला वेळ राहतो. यात्रेच्या दिवशी मेकॅनिक सापडत नाही.