मूर्तिकार ठरवावा तसा सल्लागार

(मंडळाच्या व्याख्यानमालेतील भाषणाचा मजकूर)



मांडवाचे बांबू आणि पत्रे आपण चार ठिकाणी दर विचारून आणतो. मूर्तिकार मात्र तसा ठरवत नाही. त्याच्या आधीच्या मूर्ती बघतो आणि मगच पैशाचे बोलतो. नगरसभा किंवा महानगरपालिका सल्लागार नेमते तेव्हाही असेच व्हायला हवे, एवढेच मला आज सांगायचे आहे.

मी राज्य सरकारचा नोकर, सिव्हिलचा डिप्लोमा केलेला. पाइप, सिमेंट, खडी यांची तपासणी करता येते, म्हणून तिथे कमी दर चालतो. सर्व्हे करणाऱ्याची, पाणी योजनेचा प्रकल्प अहवाल लिहिणाऱ्याची अक्कल टेपने मोजता येत नाही. लेव्हल चुकली, तर पाइप कितीही चांगला असला तरी वरच्या गल्लीला पाणी चढत नाही.

कर्नाटकात सार्वजनिक खरेदीसाठी 1999 चा पारदर्शकता कायदा आहे. तो स्थानिक संस्थांनाही लागू आहे. सल्लागाराची निवड गुण आणि दर यांची बेरीज करून कशी करावी, हे केंद्राच्या 2017 च्या वित्तीय नियमांत दिले आहे. आधी तांत्रिक प्रस्तावाला गुण द्यायचे आणि जे पात्र ठरतील त्यांचेच दराचे पाकीट उघडायचे.

समजा, गुणवत्तेला 70 आणि दराला 30 टक्के वजन आहे. पहिल्या कंपनीला 90 गुण, दर 12 लाख. दुसरीला 70 गुण, दर 9 लाख. सर्वांत कमी दराला 100 गुण, म्हणून 12 लाखवालीला दराचे 75. बेरीज केली की पहिलीचे 85.5 आणि दुसरीचे 79. काम पहिलीला. नुसता दर बघितला असता तर दुसरीला गेले असते. तीन लाख वाचले असते. पण काही कोटींच्या योजनेत एक चुकीचा आराखडा किती तीन लाख खातो, हे कोणत्याही अभियंत्याला विचारा.

आपल्या बेळगावचेच उदाहरण घ्या. जागतिक बँकेच्या मदतीने बेळगाव, हुबळी-धारवाड आणि कलबुर्गी या शहरांच्या काही भागांत चोवीस तास पाणी देण्याचा प्रयोग झाला. 2005 मध्ये फ्रान्सच्या व्हेओलिया कंपनीला काम दिले गेले आणि 2008 पासून त्या भागांत अखंड पाणी आले. तिथे फक्त पाइप विकत घेतले नव्हते. गळती शोधणारे, दाब सांभाळणारे ज्ञान घेतले होते. पुढे शहरभराच्या कामासाठी वेगळी निविदा निघाली आणि ते काम लार्सन अँड टुब्रोकडे गेले. मधे दशकाहून जास्त काळ गेला.

म्हणून फेरनिविदा महत्त्वाची. मुदत संपत आली की मुदतवाढीचा कागद फिरवणे सोपे असते. पण मुदत संपण्याच्या सहा महिने आधी नवी निविदा काढली, तर जुन्याला सुधारावे लागते आणि नव्याला संधी मिळते. नकाशे, मोजमापे, संगणकातील माहिती परत देण्याची अट पहिल्याच करारात हवी. नाहीतर नवा सल्लागार शून्यापासून सुरू करतो आणि त्याचे पैसे पुन्हा आपणच देतो. आणि दोनदा निविदा काढूनही एकच अर्ज आला, तर आपल्या अटी एकाच माणसाच्या मापाने शिवल्या आहेत का, हे बघावे.

आता थोडे आपल्याबद्दल. कागद कन्नड किंवा इंग्रजीत असतो म्हणून आपली मराठी मंडळी बाजूला बसतात. तसे करू नका. घरातली शिकलेली मुले तो कागद सहज वाचतील. निविदा ई-प्रोक्युरमेंटच्या संकेतस्थळावर असते. 2005 च्या माहिती अधिकार कायद्याने नगरसेवक आणि आपण तीन गोष्टी मागू शकतो: कामाची व्याप्ती, गुणांचा तक्ता आणि कराराची शेवटची तारीख. तक्रारीच्या सुरात नको, हिशोब मागतो तशा सुरात.

निपाणीत असो की बेळगावात, नळाला पाणी येते की नाही, हे या तीन कागदांवर बरेच ठरते. या वर्षी प्रत्येक गल्लीतल्या एका तरी मुलाला ते वाचायला शिकवूया. बाप्पा विद्येची देवता आहे, ही विद्याही त्यातलीच.

गणपती बाप्पा मोरया!