लोहाऱ्याच्या पोरांनो, आधी तूर पेरा

लोहाऱ्यात दहावी-बारावीला असलेल्या आणि पडद्याचं स्वप्न पाहणाऱ्या मुलामुलींसाठी आजचं हे बोलणं. पुण्याची एफटीआयआय, म्हणजे जुन्या प्रभात स्टुडिओच्या जागेत १९६० साली सुरू झालेली संस्था, तुम्ही ऐकून असाल. तिथल्या दिग्दर्शन, छायांकनाच्या मुख्य अभ्यासक्रमांना पदवी लागते. मग तोवर काय?

तोवर दादासाहेब फाळक्यांचा धडा गिरवा. ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी, १९१२ साली, त्यांनी कुंडीत वाटाणा लावला आणि रोप वाढताना एकेक चित्र टिपत गेले. तो इवलासा चित्रपट पाहून भांडवल देणारा तयार झाला!

तुम्ही तूर लावा. मोबाइल तिपाईवर घट्ट बसवा. तो हलला की खेळ संपला. दर दहा मिनिटांनी एक फोटो, म्हणजे चोवीस तासांत १४४. सेकंदाला २४ चित्रं, या हिशेबानं पडद्यावर उरतात फक्त सहा सेकंद. रात्री उजेड एकसारखा हवा, आणि आपल्याकडची वीज... असो.

शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरच्या नागराज मंजुळेंनीही आधी ‘पिस्तुल्या’ हा लघुपटच केला. ‘फँड्री’, ‘सैराट’ नंतरचे.